गोरवाला समितीचा अहवाल आणि 'भागीदारी'ची कल्पना : एक पुनर्विचार

ग्रामीण सहकाराचा विषय निघाला की ३.१ हा आकडा आपोआप ओठांवर येतो. १९५१–५२ साली शेतकऱ्यांनी काढलेल्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेल्या कर्जाचा वाटा शेकडा ३.१ इतकाच होता, हा अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्यामागील अहवाल मुळातून वाचण्याची गरज आता कोणास भासत नाही. वस्तुतः अहवालाचे महत्त्व त्या आकड्यात नाही. तो आकडा का निर्माण झाला, ह्याची जी मीमांसा अहवालकर्त्यांनी केली आणि त्या मीमांसेवरून जो उपाय त्यांनी सुचविला, त्यात ते आहे. ती मीमांसा मोलाची होती, तथापि तिच्या एका गृहीतामुळे उपायाचा लाभ कोणास मिळणार आणि कोणास मिळणार नाही हे आरंभीच ठरून गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाहणीचा व्याप प्रथम ध्यानात घ्यावा. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते, धनंजयराव गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे इतकी सामग्री ह्या समितीने गोळा केली. प्रत्येक खेड्यातील शेतकरी कुटुंबांची जमिनीच्या आकारमानाप्रमाणे दहा समान गटांत विभागणी करून वरच्या, मधल्या व खालच्या गटांचे व्यवहार निरनिराळे पाहण्याची जी पद्धती तिने अवलंबिली, ती त्या काळी तरी आपल्याकडे नवीन होती. एकरांचा कोणताही ठरावीक आकडा 'मोठा शेतकरी' ठरविण्यास न वापरता, त्या त्या गावात मोठा कोण हे पाहावयाचे, ही दृष्टी अर्थशास्त्राइतकीच समाजशास्त्राचीही आहे. कोकणातील मोठा खातेदार आणि माणदेशातील मोठा खातेदार हे एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्यास सांगावयास नको.

निष्कर्ष सर्वपरिचित आहेत. धंदेवाईक सावकाराचा वाटा शेकडा ४४.८, शेतकरी सावकाराचा २४.९, नातेवाइकांचा १४.२, व्यापारी व अडत्ये ह्यांचा ५.५, सरकारचा ३.३, सहकारी संस्थांचा ३.१ आणि व्यापारी बँकांचा ०.९. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यास तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक लोटले होते. अर्धशतकाच्या प्रयत्नांनंतर सहकाराचा हिस्सा सरकारी तगाईइतकाही भरू नये, ही गोष्ट कोणासही अस्वस्थ करणारी होती. जे थोडे सहकारी कर्ज वाटले गेले त्यातही वरच्या गटातील शेतकऱ्यांस झुकते माप मिळाले होते, हे अहवालाने लपविले नाही.

परंतु ह्या कोष्टकाचे शीर्षक आपण क्वचितच वाचतो. ते कोष्टक *शेतकऱ्यांच्या* कर्जाचे आहे. ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि जे कसत नाहीत अशा कुटुंबांचे कर्ज त्यात येत नाही. पाहणीने शेती न करणाऱ्या कुटुंबांची माहिती घेतली होती, हे खरे. पण अहवालाचा सारा युक्तिवाद उभा आहे तो कसणाऱ्याच्या पतपुरवठ्यावर. पुढे 'ग्रामीण कर्ज' आणि 'शेतकऱ्याचे कर्ज' हे शब्द पर्यायवाची म्हणून रूढ झाले, त्याची सुरुवात येथे आहे. ह्या मुद्द्याकडे आपणांस शेवटी यावे लागेल.

आता मीमांसा. त्यापूर्वीच्या बहुतेक समित्यांनी सहकाराच्या अपयशाचे खापर सभासदांच्या अज्ञानावर, काटकसरीच्या अभावावर, सहकारी तत्त्वांच्या शिक्षणातील उणिवेवर फोडले होते. १९१४–१५ च्या मॅक्लॅगन समितीचा सूरही मुख्यतः संस्थांच्या शिस्तीचा होता. गोरवाला समितीने ही नैतिक भाषा बाजूस सारली. तिचे म्हणणे थोडक्यात असे : गावातील पतसंस्था ही दुर्बलांची संघटना आहे आणि तिला ज्याच्याशी सामना द्यावयाचा आहे तो सावकार एकटा नाही. तो धान्याचा व्यापारी आहे, अडत्या आहे, पुष्कळदा जमीनदारही आहे; त्याच्यामागे शहरातील पेढ्या व बँका आहेत आणि गावातील जातीची व प्रतिष्ठेची उतरंडही त्याच्याच बाजूची आहे. अशा स्थितीत दुर्बलांनी दुर्बलांशी हातमिळवणी केल्याने बल निर्माण होत नाही. इतकेच नव्हे तर गावपातळीवरील सरकारी नोकरसुद्धा वजनदार मंडळींच्या कलाने चालतो, असेही अहवालाने नमूद केले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या अहवालात इतके स्पष्ट वर्गीय विवेचन येणे ही साधी गोष्ट नव्हती.

ह्या मीमांसेचे महत्त्व जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून पसरले. त्याची परिणती १८७९ च्या दक्षिणी शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. न्यायालयास खताच्या मागे जाऊन व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. पण सावकाराची जागा घेणारी दुसरी पेढी मात्र मिळाली नाही. सर विल्यम वेडरबर्न ह्यांनी न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, ती नेमकी हीच उणीव ओळखून. रिपनच्या सरकारने ती उचलून धरली, परंतु लंडनहून तिला मान्यता मिळाली नाही. बँकेच्या वसुलीस महसूल खात्याची यंत्रणा द्यावी काय, हा वादातील एक कळीचा प्रश्न होता. रयतेकडून सारा वसूल करणारे सरकार तिच्या कर्जाचीही वसुली करू लागले तर दोन्हींचा रोष त्याच्यावर येईल, ही भीती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही.

१९०४ च्या कायद्याने जो मध्यम मार्ग काढला, त्यात सरकारने पैसा द्यावयाचा नाही, देखरेख मात्र ठेवावयाची, असे ठरले. निबंधक नोंदणी करणार, हिशेब तपासणार, संस्था गुंडाळणार. भांडवल मात्र सभासदांचे आणि जबाबदारी अमर्यादित. जर्मनीतील राइफायझेन ह्याच्या ग्रामीण पतसंस्थांचा हा आदर्श मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी १८९० नंतरच्या दशकात मांडला होता. तेथील पाद्री, शाळामास्तर आणि मध्यम शेतकरी ह्यांचे गाव आपल्याकडे नव्हते. अमर्यादित जबाबदारीचा अर्थ दख्खनच्या गावात असा झाला की ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे तो एकतर संस्थेबाहेर राही, किंवा आत येऊन संस्थाच ताब्यात घेई. मुंबई इलाख्यात सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास ह्यांनी १९११ साली मध्यवर्ती सहकारी बँक काढली, वैकुंठभाई मेहता ह्यांनी तीत हयातीतील उत्तम वर्षे घालविली, १९२५ साली इलाख्याचा स्वतंत्र कायदा झाला. तरी १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळताच थकबाकीने संस्था खचल्या. ह्या कार्यकर्त्यांच्या निष्ठेत न्यून नव्हते. म्हणूनच गोरवाला समितीने निष्ठेऐवजी रचनेकडे बोट दाखविले, ते योग्यच झाले.

रोगाचे असे निदान झाल्यावर उपायाची दिशा ओघानेच ठरली. दुर्बलांच्या संघटनेस बलवान भागीदार हवा, आणि असा भागीदार राज्यसंस्थेखेरीज दुसरा कोण असणार? शिखर बँकेत राज्य सरकारचा हिस्सा ५१ टक्के असावा. खालच्या संस्थांतही सरकारी भांडवल यावे. पतपुरवठा, खरेदी-विक्री, प्रक्रिया आणि गुदामे ह्यांची एकत्र साखळी बांधावी. कर्ज जमिनीच्या तारणावर न देता येणाऱ्या पिकाच्या भरवशावर द्यावे आणि त्याची वसुली त्या पिकाच्या विक्रीतून व्हावी. गावोगावच्या किरकोळ सोसायट्यांच्या जागी मोठ्या संस्था याव्यात. इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १९५५ च्या जुलैत स्टेट बँक अस्तित्वात आली, ती ह्याच अहवालाच्या शिफारशीवरून. राज्य सरकारांनी सहकारी संस्थांचे भाग घ्यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेत दीर्घ मुदतीचा निधीही उभारला गेला. १८८४ साली जे नाकारले गेले, १९०४ साली जे टाळले गेले, ते आता तत्त्व म्हणून स्वीकारले गेले.

अहवालातील अंतर्विरोध येथे दिसतो. गावपातळीवरचे सरकार वजनदारांच्या बाजूचे आहे असे एका प्रकरणात म्हणावयाचे, आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच वजनदारांविरुद्ध दुर्बलांचा भागीदार म्हणून सरकारास पाचारण करावयाचे, ह्याचा मेळ कसा घालावयाचा? वरचे सरकार आणि खालचे सरकार ह्यांत पुरेसे अंतर आहे, आणि ते अंतर टिकेल, असे गृहीत धरल्यासच तो बसतो. तलाठी पाटलाच्या ओटीवर बसेल, पण मंत्रालय बसणार नाही. १९५४ साली हे गृहीत कदाचित विपरीत वाटले नसेल. समितीचे सदस्य ज्या पिढीतील होते तिचा राज्यसंस्थेचा अनुभव वरून खाली येणाऱ्या प्रशासनाचा होता. खालून वर जाणाऱ्या सत्तेचा नव्हता. गोरवाला स्वतः मुलकी सेवेतून आलेले होते, हेही येथे विसरता येत नाही.

तत्कालीन टीकाकारांनी ह्या मर्मावर बोट ठेवले असे दिसत नाही. सर माल्कम डार्लिंग ह्यांनी १९५७ साली वाढीच्या वेगाविषयी आणि मोठ्या संस्थांविषयी इशारा दिला. १९५८ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय विकास परिषदेने पुन्हा गाव हाच प्राथमिक घटक मानला. १९६० साली वैकुंठभाई मेहता ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दोहोंत तडजोड सुचविली. म्हणजे वाद गाजला तो संस्थेच्या आकाराचा. संस्था एका गावाची असावी की दहा गावांची, ह्यावर जितकी शाई खर्ची पडली तितकी ती कोणाची असावी ह्यावर पडली नाही. अपवाद डॅनियल थॉर्नर ह्यांचा. देशभर हिंडून त्यांनी जी पाहणी केली आणि १९६४ साली प्रसिद्ध केली, तीत गावातील प्रबळांची सत्ता मोडल्याशिवाय आणि सरकार सामान्य जनांचे झाल्याशिवाय सहकार रुजणार नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. तो कडक आहे, आणि काहीसा निराशही. कारण त्या दोन अटी पुऱ्या झाल्यावर सहकाराची गरज कितपत उरेल हा प्रश्न शिल्लक राहतोच.

समितीच्या योजनेची खरी कसोटी महाराष्ट्रात लागली. योगायोग असा की, तिचे एक सदस्य त्या वेळी स्वतःच एका प्रयोगात गुंतलेले होते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते, आणि कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ चा. अहवाल लिहिला जात असताना त्यातील एकत्रित साखळीचा नमुना प्रवरेकाठी चालू झालेला होता. अहवालाच्या वाचकाने ही गोष्ट ध्यानी ठेवल्यास त्यातील अनेक वाक्यांचा आत्मविश्वास कोठून आला ते कळते.

ऊस सहकारास का मानवला, ह्याचे उत्तर पुष्कळदा नेतृत्वाच्या गुणांत शोधले जाते. विखे पाटलांसारख्या पुरुषाचे कर्तृत्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. तरीही माझ्या मते पिकाचा स्वभाव हे अधिक मोठे कारण आहे. तोडलेला ऊस दिवसा-दोन दिवसांत गाळला नाही तर त्यातील साखर घटू लागते. तो ज्वारीप्रमाणे पेवात घालता येत नाही की कापसाप्रमाणे दोन बाजार हिंडविता येत नाही. गूळ करावयाचा नसेल तर त्याला एकच वाट : कारखान्याचा काटा. त्या काट्यावर प्रत्येक सभासदाच्या मालाचे वजन होते, त्याच्या नावे बिल निघते, आणि बिल हाती पडण्यापूर्वीच सोसायटीचे पीककर्ज त्यातून वळते करून घेतले जाते. वसुलीसाठी घरोघर फिरण्याचे कारण नाही, प्रतिष्ठिताच्या दारात ताटकळण्याचे कारण नाही. पतसंस्थांना अर्धशतकात जे साधले नाही ते काट्याने एका हंगामात साधले. समितीची साखळी तत्त्व म्हणून जी होती, ती उसात नुसती व्यवहाराची सोय होती. सरकारच्या भांडवलाशिवायही शेतकऱ्यांचा कारखाना निघू शकतो हे माळीनगरच्या सासवडकर माळी मंडळींनी १९३० नंतरच्या दशकात जॉइंट स्टॉक कंपनी काढून दाखविले होते. अर्थात तेव्हाही १९३२ चे साखरेवरील संरक्षक जकातीचे छत्र डोक्यावर होतेच.

परंतु महाराष्ट्राच्या लागवडीखालील क्षेत्रात उसाचा वाटा अगदी अल्प आहे. जिरायत ज्वारी-बाजरीच्या मुलुखात असा काटा कोठून आणावयाचा? कापसाच्या बाबतीत १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेद्वारे तसा प्रयत्न झाला. पणन महासंघाच्या केंद्रावर कापूस घालणे बंधनकारक करून कर्ज तेथेच वळते करावयाचे, असा तो बेत होता. जेथे पिकाचा स्वभाव शेतकऱ्यास एका दारी आणीत नव्हता तेथे कायद्याने ते काम करावयाचे ठरले, आणि खुल्या बाजारात भाव वर गेला की कापूस राज्याच्या सीमा ओलांडू लागला. कोरडवाहू गावातील सोसायटी मात्र १९५४ पूर्वी जेथे होती तेथून फारशी हलली नाही. कर्जमाफी आणि नवे-जुने, म्हणजे जुने कर्ज नव्या कर्जातून भरल्याचे दाखविणे, ह्या दोन टेकूंवर तिची पाने भरत राहिली.

दरम्यान वरचे व खालचे सरकार ह्यांतील अंतर नाहीसे होत गेले. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सोसायटी, जिल्हा बँक, कारखाना, जिल्हा परिषद, विधानसभा अशी एक सलग पायवाट तयार झाली आणि गावातील वजनदार मनुष्य तीवरून मुंबईपर्यंत चालत गेला. भागीदार म्हणून ज्या सरकारास बोलाविले होते, ते आता सभासदांतूनच निवडून येऊ लागले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाने संस्थेची थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते, आणि ७८ वे कलम संचालक मंडळ दूर सारण्याचा मार्ग मोकळा ठेवते. ही शस्त्रे दुर्बलांच्या रक्षणार्थ होती. पण ती कोणाच्या हाती आहेत ह्यावर त्यांचा वापर अवलंबून राहिला.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बी. एस. बावीसकर ह्यांनी कोपरगावच्या कारखान्याचा प्रत्यक्ष अभ्यास करून १९८० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात राजकारण शिरले म्हणजे सहकार बिघडला ही समजूत त्यांनी मान्य केली नाही. गटागटांतील स्पर्धेमुळे नेत्यांना भाव, हिशेब आणि कार्यक्षमता ह्यांविषयी सभासदांस जाब द्यावा लागतो, असे त्यांना आढळले. डॉनल्ड ॲटवुड ह्यांनीही मोठ्या व लहान ऊस उत्पादकांचे हितसंबंध कारखान्यात एकत्र आल्याचे दाखविले. उसाला चांगला भाव मिळाला तर तो पाच एकरवाल्यास आणि पन्नास एकरवाल्यास सारख्याच दराने मिळतो. हे निरीक्षण वजनदार आहे आणि थॉर्नर ह्यांच्या निराशेस ते चांगले उत्तर आहे. निदान कारखानदारीच्या पहिल्या तीन दशकांपुरते तरी ते मला मान्य आहे. त्यानंतर अनेक कारखाने आजारी पडले, काही विकले गेले, आणि राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ साली बरखास्त झाले, त्या काळास ते तसेच लावता येणार नाही. सरकारी भागीदारी आटोपती घ्यावी हा विचारही ह्याच काळात बळावला. आंध्र प्रदेशाने १९९५ साली सरकारी भांडवलाविना चालणाऱ्या संस्थांचा वेगळा कायदा केला. २०११–१२ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने स्वायत्ततेस घटनेत स्थान दिले. त्या दुरुस्तीचा राज्यांतर्गत संस्थांविषयीचा भाग, राज्यांची संमती घेतली नव्हती म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरविला आणि त्याच महिन्यात केंद्रात सहकाराचे स्वतंत्र मंत्रालय आले. भागीदार निघून जाण्याच्या बेतात नाही, हे उघड आहे.

तथापि बावीसकर व ॲटवुड ह्यांचे उत्तर सभासदांपुरते आहे. गाडगीळ-गोरवाला ह्यांच्या कोष्टकात जो नव्हता तो त्यांच्याही हिशेबात मध्यभागी नाही. कारखान्याच्या काट्यापर्यंत ऊस आपल्या पायांनी येत नाही. बीड जिल्ह्यातून, आणि ज्या जिल्ह्यात प्रवरानगर आहे त्याच जिल्ह्याच्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यातून, दर हंगामास माणसे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. पावसाळ्यातच मुकादम त्यांना उचल देतो. ही उचल म्हणजे कर्ज. ते फेडावयाचे श्रमाने, आणि हंगामात फिटले नाही तर बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळवावयाची. साखर संघ व कामगार संघटना ह्यांच्यात तोडणीच्या दराचे करार होत आले आहेत, परंतु उचलीच्या व्यवहारात कारखाना आणि मजूर समोरासमोर येत नाहीत. मधे मुकादम असतो. गोरवाला समितीने सावकाराचे जे वर्णन केले, म्हणजे पैसा, काम आणि गावातील वजन ही तिन्ही सूत्रे एकाच हाती असणारा मनुष्य, ते ह्या मुकादमास पुष्कळ अंशी लागू पडते. फरक इतकाच की त्याच्यामागे शहरातील पेढी नाही. सहकारी कारखान्याने तोडणी-वाहतुकीसाठी दिलेली आगाऊ रक्कम आहे.

पीककर्जाची वसुली बिलातून होते म्हणून ऊस उत्पादकास सावकाराकडे जावे लागत नाही. ती वसुली बिनचूक होण्यासाठी ऊस वेळेवर काट्यावर यावा लागतो, आणि तो वेळेवर यावा म्हणून कोरडवाहू मुलुखातील कुटुंबास आधी कर्जात बांधून घ्यावे लागते. ज्या साखळीची शिफारस अहवालाने केली तिची ही शेवटची कडी अहवालाबाहेर राहिली, कारण अहवालाच्या दृष्टीने ग्रामीण कर्जदार म्हणजे कसणारा. उचलीच्या ह्या रकमांची नोंद कारखान्यांच्या दप्तरात तोडणी-वाहतूक करारांच्या सदरात होते. ग्रामीण पतपुरवठ्याच्या आकडेवारीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एका कारखान्याचे असे दप्तर त्याच हंगामातील सोसायटीच्या पीककर्ज नोंदवहीशेजारी ठेवून वाचावे.